बावीस-चोवीसचा पाना

माझ्या घरात आज अठ्ठेचाळीस पाने आहेत. सात पक्कडी, तीन हातोडे, गाडी उचलायचे दोन स्क्रूजॅक, पायाने हवा भरायचा एक पंप, आणि काम घट्ट पकडून ठेवणारा, उचलायला दोन माणसं लागतील असा एक व्हाइस. घरात मी एकटा. गाडी नाही, सायकलसुद्धा नाही. येणारा-जाणारा विचारतो, काका, हा छंद कधीपासून? मी सांगतो, छंदबिंद काही नाही. एक वस्तू हरवली होती, ती शोधताना बाकीचं गोळा झालं.

ती वस्तू म्हणजे बावीस-चोवीसचा रिंग पाना. ज्यांनी कधी नट फिरवला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी दांडा असतो, दोन्ही टोकांना कडं. एका कड्यात बावीस नंबरचा नट बसतो, दुसऱ्यात चोवीसचा. असे पाने बाजारात ढिगाने मिळतात. फक्त माझ्या पान्यावर माझ्या बायकोचं नाव होतं.

ते नाव कसं आलं ते आधी सांगतो.

मी कुर्ल्याला एका ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. शिक्षण चौथी. पाने स्वतःचे आणायचे असा तिथे नियम होता आणि दुसऱ्याचे पळवायचे असा रिवाज. महिन्याला एक तरी पाना जायचा. घरी येऊन मी चिडचिड करायचो. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, “माझी एक वाटी गेली नाही आजपर्यंत. खालच्यांच्या लग्नात चार पातेली दिली, चारही परत आली. का? नाव आहे म्हणून. द्या तुमचे पाने इकडे.”

मला वाटलं बोलतेय. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी झोपलेला असताना तिने डझनभर पाने पिशवीत घातले आणि भांडीवाल्याकडे नेले. तिथे भांड्यांवर नाव घालणारा माणूस बसायचा, हातात बारीक छिन्नी आणि हातोडी. त्याने पिशवीत बघितलं.

“बाई, हे काय?”

“पाने.”

“ह्यावर नाव घालायचं?”

“भांड्यावर घालता तसंच. पैसे देणार आहे, फुकट नको.”

त्याने विचारलं, नाव काय घालू? त्या दुकानात तिने जन्मात स्वतःच्या नावाशिवाय दुसरं नाव सांगितलं नव्हतं. तिने तेच सांगितलं. त्याने सगळ्यात मोठा पाना घेतला, बावीस-चोवीसचा, आणि दांड्यावर ‘सौ.’ घालून तिचं नाव कोरलं. हाताला लागलेली सवय, खाली ‘सप्रेम भेट’ पण कोरलं. पान्याचं लोखंड पितळेसारखं नरम नसतं. अक्षरं जेमतेम ओरखड्याएवढी उठली आणि छिन्नीची धार गेली. दुसरी छिन्नी घेऊन दुसरा पाना धरला तर तिचं टोकच उडालं. मग त्याने हात जोडले. “बाई, तुमच्या स्टीलच्या डब्यांवर फुकट नाव घालून देतो, पण हे घेऊन जा.”

सोमवारी मी वर्कशॉपमध्ये पेटी उघडली. आमच्या फोरमनची नजर घारीची. पाना उचलला, मोठ्याने वाचला, आणि सगळं वर्कशॉप काम टाकून गोळा झालं.

“काय रे, हळदीकुंकवाला पाने वाटले काय?”

“वहिनींना सांग, पुढच्या संक्रांतीला जॅक ठेवा वाणात.”

सहा महिने मला कोणी नावाने हाक मारली नाही, ‘सप्रेम’ म्हणायचे. पण सांगायची गोष्ट ही की बाकीचे अकरा पाने पाच वर्षांत एकेक करून गेले. तो एक गेला नाही. पोलिसासमोर ‘सौ.’ लिहिलेला पाना घेऊन उभं राहायची कोणाची टाप होती? ती म्हणायची, “बघितलंत?” मी पेटी बंद करायचो.

पंच्याण्णवच्या सुमारास मी रिटायर झालो आणि आम्ही वसईला, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन आलो. पाना माझ्या पेटीतून स्वयंपाकघरात गेला. ती त्याने गूळ फोडायची. आलं ठेचायची. कॅलेंडरचा खिळा ठोकायची. मी एकदा म्हणालो, “अगं, हत्यार आहे ते, खलबत्ता नाही.” तर म्हणाली, “नाव कोणाचं आहे त्यावर? वाचता येतं ना?”

सन दोन हजारनंतर ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, संध्याकाळी नव्हती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तेराव्याला आलेली प्रत्येक बाई मला सांगत होती, भाग्यवान हो, सवाष्ण गेली. दहा-बारा जणींचं ऐकून घेतलं. तेराव्या का चौदाव्या बाईला मी म्हणालो, “एवढं चांगलं वाटतंय तर तुम्हीही बघा ना जमतंय का.” ती न जेवता गेली. तिचा नवरा मात्र थांबला आणि दोन वाट्या खीर प्यायला. माझी मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मुलगी नाशिकला असते. जायच्या आधी तिने घर आवरलं. आईची भांडी निम्मी घेतली, निम्मी मला ठेवली आणि मोडकं लोखंड एका गोणीत भरून गॅलरीत ठेवलं. जुना स्टोव्ह, भोक पडलेला तवा, विळीचं पातं, असलं. चार दिवसांनी खालून भंगारवाला ओरडत गेला. मला त्या गोणीकडे बघवत नव्हतं. त्याला वर बोलावलं.

त्याने गोणीचं तोंड उघडलं. “काका, एकदा बघून घ्या. मागाहून लोक भांडतात.”

“बघायचं काय त्यात? उचल.”

हे वाक्य माझं. दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर घालता येत नाही.

महिन्याभराने गूळ संपला. नवी ढेप आणली आणि फोडायला पाना शोधू लागलो. ओट्याखाली नाही, मिसळणाच्या डब्यामागे नाही. लाटण्याने फोडायला गेलो तर लाटणं फुटलं. मग नाशिकला फोन लावला.

“तो पाना होय बाबा? मी गोणीत टाकला. म्हटलं तुम्ही देताना बघालच.”

फोन कानाला धरून मी एका हाताने लाटण्याचे तुकडे गोळा करू लागलो. मग ती म्हणाली, “रडताय का?” मी म्हणालो, “गूळ फुटत नाहीये,” आणि फोन ठेवला.

भंगारवाल्याला शोधून काढला. तो म्हणाला, लोखंड कामणला जातं, भिवंडी रस्त्यावर गोडाऊन आहे. तिथे गेलो. गोडाऊन कसलं, पत्र्याचं कुंपण आणि आत डोंगर. बादल्या, कुलपं, सायकलची चाकं, गॅरेजातलं मोडकं सामान. मालक खुर्चीवर पाय घेऊन बसला होता, वजनकाट्याच्या शेजारी. मी सांगितलं, माझा पाना आहे ह्यात.

“सबका पाना है इसमें, चाचा.”

“मी शोधून घेतो.”

“ढेर में हाथ नहीं डालने का. एकाने घातला होता, आता दोन बोटं कमी आहेत. घमेलं भरून देतो. नशिबात असेल ते निघेल.”

असा त्याचा धंदा. निवडायचं नाही, घमेलं भरून वजनावर घ्यायचं. त्याचा माणूस फावड्याने ओढणार, मी नुसतं बघणार. पहिल्या घमेल्यात काय निघालं? एक पक्कड, एक दांडा नसलेला हातोडा, चार पाने, मूठभर नटबोल्ट आणि एक घंटा. घंटा परत दे म्हटलं तर म्हणाला, वापस नहीं लेता.

आता यात एक भानगड होती. माल उघड्यावर पडलेला, वर पाऊस होऊन गेलेला. गंजलेला पाना हातात घेतला तर तो पाना आहे एवढंच कळतं. नंबर दिसत नाही, नाव काय दिसणार. त्यात आमच्या नावाची अक्षरं त्या भांडीवाल्याच्या कृपेने ओरखड्याएवढी. म्हणजे साफ केल्याशिवाय तो आमचा का दुसऱ्याचा हे सांगता येत नव्हतं. म्हणून साफ करायला बसलो. आणि एकदा बसल्यावर, ह्याला घासतो आणि त्याला ठेवतो असं होत नाही. अर्धी भांडी घासून कोणी उठतं का?

साफ करायची रीत मी हळूहळू बसवली. आधी दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवायचं, म्हणजे चिकटलेलं सुटतं. मग तारेचा ब्रश. मग चिंचेच्या पाण्यात रात्रभर. पितळेची भांडी चिंचेने उजळतात, तर लोखंडाने काय पाप केलंय, असा विचार केला आणि जमलं. गंज काळा होऊन सुटतो. मग धुण्याच्या सोड्याने धुवायचं, उन्हात वाळवायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. चिंच घरातलीच. तिने त्याच उन्हाळ्यात मीठ लावून बरणी भरली होती. मी एकटा किती आमटी खाणार? आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, तिच्याच कामाला लागतेय.

दर आठवड्याला एक घमेलं. बसच्या कंडक्टरने मला ओळखायला सुरुवात केली. “काका, रेल्वेचे रूळ उचलले का आज?” म्हणून तो गोणीचं लगेज तिकीट फाडायचा. दिवाळीला आलेल्या मुलीने खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली. कॉटखाली जॅक, खिडकीत पक्कडी, देवघराच्या बाजूला व्हाइस.

“बाबा, हे काय केलंत?”

“तुझ्या आईला शोधतोय,” मी म्हणालो. मला पाना म्हणायचं होतं. तोंडातून ते गेलं. ती आत जाऊन चहा करू लागली.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायला लागलं. तो स्क्रूजॅक आणला तेव्हा दगड झाला होता. पंधरा दिवस रॉकेल पाजलं, आटे सुईने साफ केले, आणि एका दुपारी त्याचा स्क्रू माझ्या दोन बोटांनी गरगर फिरला. त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो. रोज एकदाच जेवत होतो तेव्हा.

हे सगळं बिल्डिंगच्या खाली, पार्किंगमध्ये चालायचं. आमचा सेक्रेटरी बँकेत नोकरीला, टाय लावणारा. त्याने बोर्डावर नोटीस लावली: पार्किंगची जागा फक्त वाहन व वाहनाशी संबंधित वस्तूंसाठीच वापरावी. मी वाचली आणि त्याच जागी चार टायरचे पाने, दोन जॅक आणि पंप ओळीने मांडले. तो संध्याकाळी आला.

“काका, नोटीस वाचली नाही का?”

“वाचली. वाहनाशी संबंधित आहे.”

“पण वाहन कुठाय?”

“नोटिशीत ‘व’ लिहिलंय. दोन्ही पाहिजेत असं कुठे लिहिलंय? मी चौथी शिकलोय, एवढं वाचता येतं.”

त्याने मीटिंगमध्ये विषय घ्यायची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको जिन्यावरून खाली आली, पदराखाली पिशवी. “काका, जुनी चिंच आहे, काळी पडलेली. ह्यांना सांगू नका.” माझी बरणी संपत आली होती हे तिला कसं कळलं देव जाणे. विषय मीटिंगमध्ये कधी आला नाही. वरच्या मजल्यावर तो कसा बंद झाला ते मी विचारलं नाही.

असं वर्ष गेलं. बावीस-चोवीसचे रिंग पाने मला सहा मिळाले. प्रत्येक वेळी चिंचेतून काढून मी उन्हात धरायचो, तिरका करून. कशावर नुसती टिंबं, एकावर कोणी तारेने वळसा घातलेला, एकावर फुली. नाव कुठेच नाही. आधी मी ओले हातसुद्धा न पुसता बघायचो. नंतर नंतर मी आधी चहा पिऊन घ्यायचो, मग बघायचो.

मग एका घमेल्यात पाइप फिरवायचा मोठा पाना निघाला आणि साफ केल्यावर त्याच्या पाठीवर क्रूस, एक पूर्ण नाव आणि खाली ‘वटार’ अशी अक्षरं उठली. सुबक, ठोकून ठोकून घातलेली. म्हटलं, हाही कोणीतरी माझ्यासारखा शोधत असेल. पिशवीत घातला आणि वसईकडच्याच त्या वटार गावी गेलो. विचारत विचारत एका वाडीत पोचलो. केळी, सुपारी, मध्ये विहीर. माझ्याच वयाचा माणूस पाण्याच्या पाटात उभा होता. मी पाना दाखवला.

त्याने तो बघितला आणि कपाळाला हात लावला. “अरे देवा. हा परत आला?”

“तुमच्या वडिलांचं नाव ना?”

“बापाचाच आहे. मीच विकला भंगारात. माझ्या पायावर दोनदा पडलाय तो. बापाने मला जेवढं मारलं नसेल तेवढं ह्याने मारलं. तुम्ही एवढं चकचकीत करून आणला? आता हिने बघितला तर परत घरात ठेवेल.”

‘हिने’ ओट्यावरून बघितलंच होतं. ती त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलली, मला अक्षर कळलं नाही, पण त्याने पाना मुकाट्याने आत नेऊन ठेवला. बायकोच्या बोलण्याला तर्जुमा लागत नाही. मग मला सुकेळी, म्हणजे त्यांच्याकडची वाळवलेली केळी, आणि चहा मिळाला. त्याने विचारलं, तुम्हाला हा उद्योग कशाला सुचला? मी सगळं सांगितलं. गूळ, गोणी, घमेलं. ‘सप्रेम भेट’ म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला.

“थांबा, थांबा. पान्यावर बाईचं नाव?”

“हो.”

त्याने तिचं नाव घेतलं. मी अजून सांगितलं नव्हतं.

माझ्या तोंडात सुकेळं होतं, ते तसंच राहिलं.

“कामणला गॅरेज आहे,” तो म्हणाला. “भिवंडीला माल नेताना टेम्पो तिथे बंद पडला होता, तेव्हापासून तिथेच जातो. तो मेस्त्री गाडीखाली झोपून सारखा हेच नाव घेऊन ओरडत असतो, ही दे, तिला दे. मला वाटलं बायको असेल. मग बघतो तर मेहुणा पाना देतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ते गॅरेज कुठे होतं सांगू? गोडाऊनपासून दोनशे पावलांवर. वर्षभर मी त्याच्यासमोरच्या थांब्यावर बसमधून उतरत होतो. आणि मला, एकतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला, एवढं कळू नये की चांगला पाना ढिगापर्यंत पोचतच नाही? भंगाराची गाडी रिकामी होताना गॅरेजवाले उभे असतात. चांगलं ते आधी उचलतात. कुर्ल्याला आम्हीसुद्धा हेच करायचो. मी वर्षभर त्यांनी टाकलेलं चाळत होतो.

एक टेम्पो उभा होता, खालून दोन पाय बाहेर आलेले. बाजूला एक लठ्ठ माणूस स्टुलावर बसून वडापाव खात होता, तो मेहुणा. आणि टेम्पोखालून आवाज आला. तिचं नाव. खणखणीत, रस्त्यापलीकडे जाईल असा.

चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला नावाने हाक मारली नाही. आमच्यात पद्धत नव्हती. अगं, ऐकलंस का, कुठे गेलीस, एवढ्यावर काम चालायचं. आणि हा कोण कुठला, तोंडात तंबाखू धरून, एकेरीत.

मी त्या पायांना म्हणालो, “ए! नीट बोल.”

“कोण आहे रे?” खालून.

“कोणी काका आहेत,” मेहुणा म्हणाला. “पान्याला नीट बोल म्हणतायत.”

मेस्त्री सरपटत बाहेर आला. पस्तिशीचा असेल, बोलणं बीड-नगरकडचं. “काका, पान्याचंच नाव हाय ते. वाचा, लिवलंय.”

मेहुण्याने पाना माझ्या हातात दिला. ‘सौ.’ होतं. ‘सप्रेम भेट’ होतं. रोज हाताळून अक्षरं चकाकत होती. माझ्याकडे असताना कधी एवढी स्पष्ट दिसली नव्हती.

“पान्याचं नाही,” मी म्हणालो. “माझ्या बायकोचं आहे. ती गेली.”

मेस्त्रीने तोंडातला तंबाखू बाहेर जाऊन थुंकला. परत येऊन हात पुसायला फडकं शोधू लागला, सापडेना, मग शर्टालाच पुसले. “काका, आमाला काय माहीत. आमी तर… कधी हातातून निसटला तर शिव्या बी घातल्यात.”

“त्या मीसुद्धा घातल्यात.”

“दोनदा गटारात पडला. मेहुण्याने काढला.”

“घाण होती,” मेहुणा म्हणाला. “पण वहिनींना मी लगेच धुतलं.”

मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा आलं असेल, आणि आलं ते अशा ठिकाणी. पण पाना हातातून सोडला नाही. म्हणालो, “हा मी नेतो.”

मेस्त्रीने पान्याच्या एका टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “काका, राग मानू नका. पैशाचा प्रश्न नाही. पण ह्याची चोवीसची बाजू बघा. कोणीतरी घासून पातळ केलीय. ह्या टेम्पोच्या गिअरबॉक्समागं एक नट असतो, भिंतीला चिकटलेला. तिथं बाजारातला एक पाना जात नाही. ही एकटीच जाते. ही गेली तर माझं निम्मं काम बसलं.”

“ती बाजू मी घासलीय. त्याच नटासाठी.”

“मग तुमीच सांगा मेस्त्री, कसा देऊ?”

काका म्हणत होता, आता मेस्त्री म्हणाला. इथे मी अडकलो. चोर असता तर भांडलो असतो. हा काम करणारा माणूस होता आणि खरं बोलत होता. मी पाना मेहुण्याच्या हातात परत दिला. तेवढं करायला मला फार वेळ लागला. म्हणालो, “दुसरा बनवून आणतो. बसला तर हा माझा.”

घरी सहा होते. वर्षभर शोधताना मिळालेले, चिंचेने उजळलेले. त्यातला चांगल्यातला चांगला उचलला आणि हाताने फिरवायच्या ग्राइंडरवर घासायला घेतला, तोही घमेल्यातलाच. घाई केली. एका दमात घासत गेलो आणि लोखंड तापून निळं पडलं. निळं पडलं की त्यातला कडकपणा जातो. असा पाना नटावर घातला की पेढ्यासारखा पसरतो. टाकून दिला. दुसरा घेतला. सत्तरीला आलेला माणूस, डाव्या हाताने मूठ फिरवायची, उजव्याने धरायचं, दहा वेळा टेकवलं की पाण्यात बुडवायचं. सेक्रेटरी ऑफिसला जाताना थांबला. म्हणाला, “काका, मूठ मी फिरवू का? साडेनऊपर्यंत वेळ आहे.” टाय खिशात खोचून त्याने रोज वीस मिनिटं मूठ फिरवली. कशासाठी ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाला, “ह्याचं मीटिंगमध्ये कुठे बोलू नका.” म्हटलं, तुम्हा दोघांची गुपितं सांभाळतच हे म्हातारपण जाणार.

तिसऱ्या पान्याला जमलं. कडं बाहेरून पातळ, आतून सरळ, कुठे निळी रेघ नाही.

कामणला नेला. मेस्त्री टेम्पोखाली गेला. मी उकिडवा बसलो, गुडघ्यातून कडकड आवाज आला. खालून काही ऐकू येईना. मेहुणा म्हणाला, “बसला का?” मला वाटलं, नाहीच बसला. मी चौथ्या पान्याचा विचारसुद्धा करून टाकला. मग लोखंडावर लोखंड सरकल्याचा आवाज आला, नट सुटताना जसा किरकिरतो तसा, आणि मेस्त्री म्हणाला, “मेस्त्री, जुन्यापेक्षा भारी हाय हो.”

मी म्हणालो, “जुन्याला काही बोलायचं नाही.”

“नाय, नाय. तिची गोष्टच वेगळी.”

त्याने तिचा पाना डिझेलने धुतला, मग साबणाने, वर्तमानपत्रावर ठेवला आणि आधी कपाळाला लावून दोन्ही हातांनी मला दिला. मेहुण्याने अर्धा वडापाव पुढे केला. तो मी खाल्ला.

निघालो, रस्ता ओलांडून थांब्यावर उभा राहिलो. पाना पिशवीत न घालता हातातच धरला होता. मागे काम सुरू झालं. आणि टेम्पोखालून हाक आली. तिचं नाव. मेहुण्याने उठून तो नवा, कोरा, मी बनवलेला पाना दिला.

मी रस्त्यावरून ओरडलो, “अरे, तो तो नाही! ती माझ्याकडे आहे!”

खालून आवाज आला, “काका, सवय हाय तोंडाला. आता नवीन बारसं कुठं करत बसू?”

बस आली. कंडक्टर म्हणाला, “चला काका, आज गोणी नाही वाटतं?” मी म्हणालो, “तू जा पुढे.” तो गेला. मी थांब्यावर उभा राहिलो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे तासाभराचं काम, आणि त्या नटाला तो पाना चार-पाच वेळा तरी लागतो, हे मला माहीत होतं. पाच वेळा ऐकलं. मग मागून आलेल्या बसने घरी गेलो.